पोचल्याशिवाय केर नाही

मनमोहन धैर्यवानांना कुठलंही शहर सांगा, ते मुंबईपासूनचं हवाई अंतर सांगतात. फोर्टातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत छत्तीस वर्षं लोकांची तिकिटं काढली, स्वतः मात्र नागपूरच्या पुढे विमानाने गेले नाहीत. गिरगावात आमच्या समोरच्याच दारी राहतात. मला विचाराल तर माणूस हट्टी आहे.

गावाला गेलेलं माणूस पोचल्याशिवाय त्याच्यामागे केर काढायचा नाही, हा नियम आमच्याकडेही होता. आम्ही तो केव्हाच तासाभरावर आणला. धैर्यवानकाकांच्या बेबीकाकूंनी मात्र शेवटपर्यंत पाळला. त्या गेल्यावर आता काका पाळतात, आणि मुलगा यतीन राहतो टोरांटोला. साडेबारा हजार किलोमीटर. लंडनचा थांबा धरून बावीस तास, वर विमानतळापासून घरापर्यंतचा एक.

"विमान उतरलं म्हणजे माणूस पोचला असं नव्हे," काका म्हणतात. "त्याने स्वतः सांगायला हवं."

यंदा यतीन, सून आणि नात उर्वी चार वर्षांनी आली. बारा दिवस राहून रविवारी सकाळी निघाली. चंपा कामाला आली तेव्हा काकांनी तिला केर काढू दिला नाही. सोमवारी तेवीस तास उलटून गेले, फोन नाही. मंगळवारीही नाही. सोबत बांधून दिलेल्या शिंगड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, चुरा टेबलाखाली तसाच. उर्वीच्या पेन्सिलींची रंगीत सालं खिडकीपाशी.

मला यतीनचा राग आला, आणि तो मी काकांवर काढला. "काका, मुंग्या लागल्यात. तुम्हीच करा की फोन."

"दमले असतील. करेल तो." चुऱ्याला वळसा घालून ते खुर्चीत बसले. "घर भरलं होतं गं बारा दिवस. आता फार एकटं वाटतं."

मी चहा टाकला.

बुधवारी सकाळी वाटीभर वालाचं बिरडं द्यायला गेले, तेवढ्यात यतीनचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालूच असतो.

"सॉरी बाबा, विसरलोच. केव्हाच पोचलो आम्ही. उर्वी झोपली. उद्या ऑफिस आहे, ठेवू?"

"ठेव, ठेव. पोचलात, झालं."

मिनिटभरही बोलणं झालं नसेल. काळजीतून सुटले काका एकदाचे, असं मला वाटलं. पण काका फोन मांडीवर धरून त्या सालांकडे बघत राहिले.

चंपा आली. "काका, आला का फोन? काढू ना कचरा आता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही गं. अजून पोचायचेत ते."

मी चंपाच्या हातून केरसुणी घेतली आणि दारामागे ठेवून दिली.