लिंबाखालचं बाकडं

दवाखान्याच्या दारात तुम्हाला कुणी म्हणालं, "तुम्ही बाहेर बसा," तर तुम्हाला आधी काय आठवेल, आपला खोकला की आपली पायरी?

डॉ. मुकुंद साबळे गेल्याचं कळलं, तेव्हा मी हिंगोलीच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. फ्लू छातीत उतरला म्हणून चार दिवसांपासून त्यांना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांना भेटून काय बोलायचं, ते मनात जुळवत होतो. तेवढ्यात आईचा फोन आला. "डॉक्टर गेले रे..." एवढंच म्हणाली. गाडी आली, उभी राहिली, गेली. मी चढलो नाही.

आमच्या गावात, आखाडा बाळापुरात, त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि समोर एक लिंब. लहानपणी माझ्या तापात आई सुई द्याच म्हणून हटून बसायची, तर ते म्हणायचे, "बाई, सुईनं तुझं समाधान होईल, ताप त्याच्या वेळेलाच जाईल. पोराच्या दंडाला काहून तकलीफ?" आई घरी येईपर्यंत त्यांना नावं ठेवायची आणि पुढच्या तापाला पुन्हा त्यांच्याकडेच न्यायची. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मोर्च्यांची पत्रकं लिहायचे आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली. अन्याय दिसला की लिहायचं, एवढं मला पक्कं शिकवलं होतं. लिहिण्याआधी विचारायचं असतं, हे शिकायचं राहून गेलं.

या थंडीत फ्लूची साथ आली आणि डॉक्टरांनी एकच नियम केला. खोकला-ताप असलेल्यांनी लिंबाखालच्या बाकड्यावर बसायचं, डॉक्टर बाहेर येऊन तपासतील. आतली खोली गरोदर बाया, तान्ही लेकरं आणि शुगरवाल्यांसाठी. प्रत्येकाला तेच सांगायचे... घरी पडून राहा, पाणी प्या, तोंडाला रुमाल बांधा, म्हाताऱ्यांपासून लांब झोपा. दम लागला किंवा लेकरू खाईना-पिईना झालं तर वाट न बघता हिंगोलीला न्या.

एका सकाळी मी रस्त्यावरून जाताना बघितलं. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली सखुबाई तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन बाहेर मातीत बसली होती. आत खुर्च्या रिकाम्या. माझं डोकं फिरलं. मी थांबलो नाही, कुणाला विचारलं नाही. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं, 'दवाखान्याच्या दारातली शिवाशिव', आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं.

तासाभरात गावातल्या एका बड्या बागायतदाराचा फोन आला. त्यांचं नाव घेत नाही. सगळे अण्णा म्हणतात, तेवढं पुरे. "लय बराबर लिहिलं, पोरा. छपाई माझ्याकडं." आजवर माझ्या घराची पायरी न चढलेला हा माणूस शिवाशिवीविरुद्धचं पत्रक छापून देतो म्हणाला आणि मला संशय आला नाही, अभिमान वाटला. बाजाराच्या दिवशी त्यांच्या माणसांनी गठ्ठेच्या गठ्ठे वाटले.

डॉक्टरांनी मला बोलावलं. समोर पत्रक होतं. "शुद्धलेखन चांगलं आहे तुझं," म्हणाले. मग साथीचं कारण सांगितलं, शांतपणे, लेकराला सांगावं तसं. मी ऐटीत म्हणालो, "काका, तुमचं कारण नवं असेल, चित्र जुनंच दिसतंय." त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली... मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी अण्णा जमाव घेऊन, बाहेर बसवणं बंद करा म्हणून, दवाखान्यात निवेदन द्यायला गेले. लोक दवाखान्याकडं फिरकेनासे झाले, ताप घेऊन घरात बसू लागले. "कुणी आलंच न्हाई तर बाहेर बसवून तपासू कुणाला?" असं म्हणत डॉक्टरांनीच बाकडं आत ओढलं. त्या खोलीत माणसं गुडघ्याला गुडघा लावून खोकू लागली. अण्णा मात्र आत आलेल्या त्या बाकड्यावर एकदाही बसले नाहीत. ते सरळ तपासणीच्या खोलीत, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत. तीन आठवड्यांनी डॉक्टरांना ताप आला.

माझ्या पत्रकानं ते गेले असं मी म्हणत नाही. ताप त्यांना कुठं लागला, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ते गेल्यावर मी सखुबाईकडं गेलो, जे आधी करायचं होतं ते करायला. ती मेंढरांना पाणी दाखवत होती. मी पत्रकाचं सांगितलं. तिनं हातातली बादली खाली ठेवली.

"दादा, बाकड्यावर मला जागा हुती. अण्णा बसले व्हते. डॉक्टर त्यांला म्हनले, सरका जरा, हिला बसू द्या. तर अण्णा उठून हुभेच राह्यले. मंग मीच लाजंनं खाली बसले. डॉक्टर मातीत माझ्याजवळ बसून लेकराची छाती बघून राह्यले व्हते. तुमी इचारलं काहून न्हाई?"

म्हणजे शिवाशिव तिथं होतीच. ती पाळणारा माणूस बाकड्याजवळ उभा होता. त्यानंच माझी अक्षरं छापली, वाटली आणि तिच्या शेजारी बसण्याची पाळी टाळली. मी त्याचा कारकून झालो. आता चौकात त्याचा फ्लेक्स आहे, 'गोरगरिबांचा डॉक्टर हरपला'. डॉक्टरांचा फोटो तळहाताएवढा, अण्णांचा, हात जोडलेला, पुरुषभर. ते बघून किळस येते. त्याखालून जाताना स्वतःची जास्त येते, कारण त्यातला 'गोरगरीब' हा शब्द माझ्याच पत्रकातून उचललेला आहे.

डॉक्टरांची मुलगीही डॉक्टर आहे. गेल्या सोमवारपासून तिनं दवाखाना उघडलाय आणि बाकडं पुन्हा लिंबाखाली नेलंय. साथ अजून सरलेली नाही. तुमच्या गावातही कुणीतरी डॉक्टर तुम्हाला बाहेर बसायला सांगेल. खोकला असेल तर मुकाट बसा. आणि शेजारी कुणीही येऊन बसलं, तर उठू नका.