कोपराची गोगलगाय शोधायला दोन दिवस

या ब्लॉगवर मी आजवर कोकणातले किनारे लिहिले, घाटमाथे लिहिले, एकदा लेकीच्या हट्टापायी केरळही लिहून झालं. या वेळी कल्याण ते कोपर आणि कल्याण ते घोडबंदर रोड. हसा खुशाल. नवराही हसला. "अगं, याला प्रवास नाही म्हणत, याला कामावर जाणं म्हणतात," असं त्याचं मत पडलं. पण मनस्ताप मोजला तर माझ्या सगळ्या सहलींत हीच सर्वात लांबची निघाली.

निघण्याचं कारण एक ईमेल. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चौदा वर्षांपूर्वी मी एक नवी गोगलगाय लिहिली. 'लिहिली' म्हणजे ती कशी दिसते, इतरांहून वेगळी कशी, कुठे सापडली हे शास्त्राच्या रीतीने छापलं आणि तिचा एक शंख पुरावा म्हणून संग्रहालयात ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढी, तपकिरी, खाडीकाठच्या कुजक्या तिवरात राहणारी. तिवर म्हणजे खारफुटीचं झाड. शास्त्रीय नावातला पहिला शब्द कुणाच्या जिभेवर बसायचा नाही म्हणून सोडून देते, दुसरा शब्द मी ठेवलेला: कोपरेन्सिस. कोपरची. आयुष्यात मी ही एकच प्रजाती लिहिली. लोक म्हातारपणी फ्लॅट दाखवतात, बंगला दाखवतात, मी हे नाव दाखवायचे.

ईमेल बंगळुरूच्या एका तरुण संशोधकाचा होता. तो या गोगलगायींच्या सबंध घराण्याची, म्हणजे आमच्या भाषेत जीनसची, फेरमांडणी करतोय. शंभर-दीडशे वर्षांत ज्याने त्याने ठेवलेली नावं पुन्हा तपासायची, कोण खरंच वेगळं आणि कुठे एकाच जिवाला दोन नावं पडलीत ते ठरवायचं, असं ते काम. फार नम्रपणे लिहिलं होतं त्याने: मी दोनदा कोपरला जाऊन आलो, तिथे मिळते ती नेहमीची खाडीतली गोगलगाय. नुसत्या शंखावरून या घराण्यात काही ठरत नाही, आतलं शरीर लागतं. आपल्या नमुन्यांत शरीर नाही. महिनाभरात जिवंत नमुना मिळाला तर उत्तम, नाहीतर आपलं नाव नेहमीच्या प्रजातीत विलीन करावं लागेल.

विलीन! सहकारी बँक बुडाली की वापरतात तो शब्द. आणि शरीर नाही ही माझीच कर्तबगारी. तेव्हा शंख साफ निघावा म्हणून मी त्या गोगलगायी उकळल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात, हे संशोधनपत्रात लिहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून निघाले. कुणाला जायचंच असेल तर सांगते, ओहोटीच्या आधी तासभर पोचा, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, आणि पांढरा कुर्ता घालण्याचा शहाणपणा करू नका. डोंबिवली वेस्टहून कोपरच्या बाजूला शेअर रिक्षा मिळतात, चौथा प्रवासी भरेपर्यंत हलत नाहीत. रिक्षावाल्याने माझा चिमटा, डब्या आणि गाळणी पाहिली.

"मॅडम, मच्छी पकडायला चालल्या काय?"

"गोगलगाय."

"खायला?"

"नाही रे, नाव वाचवायला."

त्याने आरशातून पाहिलं आणि चौथ्या प्रवाशासाठी हाका मारायला सुरुवात केली.

खाडीकाठी भराव, मातीचे ढीग, त्यावर टाकलेल्या देवांच्या जुन्या तसबिरी. तिवरं अजून आहेत, पण त्यांच्या मुळ्यांत पाण्यापेक्षा पिशव्या जास्त. चार तास वाकून कुजकी खोडं उलटली. त्रेसष्ट गोगलगायी मिळाल्या. घरी येऊन भिंगाखाली एकेक पाहिली, त्रेसष्टच्या त्रेसष्ट नेहमीच्या. कंबर धरली, ती वेगळीच.

मग मला उशिरा, फारच उशिरा सुचलं की बाळाराममामांना विचारावं. बाळाराममामा आमच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. घोडबंदर रोडलगतच्या जुन्या गावातले आगरी, घरची भातशेती आणि बापजाद्यांचं मिठागरावरचं काम. चिंबोऱ्या, निवट्या, शिंपल्या, काय हवं ते वर्गासाठी आणून द्यायचे. गोगलगायीही पहिल्यांदा त्यांनीच आणल्या होत्या, औषधाच्या बाटलीत. मी विचारलं, मामा, कुठून? ते म्हणाले, कोपरावरनं. त्यांची बहीण कोपरला दिलेली, मी रोज कल्याणहून ठाण्याला जाताना कोपर स्टेशन बघायचे. आणखी विचारण्याची गरजच वाटली नाही. पुढे मी स्वतः कोपरला जाऊन आणखी पाच जमवल्या, दिसायला तशाच, आणि सगळ्यांची मिळून एक प्रजाती लिहिली. मामांना फोन केला तर सूनबाईंनी उचलला. "या ना मॅडम, बाबा घरीच असतात," म्हणाल्या.

रविवारी कल्याणहून एसटी. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, भिवंडी बायपास, माजिवडा. शहाणा माणूस घोडबंदरसाठी माजिवड्यालाच उतरतो. मी खोपटपर्यंत गेले, कारण नोकरीत असताना तिथल्या डेपोबाहेर उभ्याने खाल्लेला वडापाव आठवला. वडा गार होता. तिथून उलटी बस पकडून घोडबंदर रोडला लागले. या रस्त्याबद्दल टिप एकच: घरून पाणी घ्या आणि सोबत कुणाला घेऊ नका, भांडणं होतात. रविवार असून कापूरबावडीपासून गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. मेट्रोचे खांब मोजत बसले. दोन्ही बाजूंना टॉवर, आणि फलकांवर झाडांची, पाण्याची, पक्ष्यांची इंग्रजी नावं. जे जे तोडलं किंवा बुजवलं त्याचं नाव इमारतीला द्यायचं, अशी इथली रीत दिसते. फेरमांडणी यांचीही चालूच आहे म्हणायची.

मामांचं घर आता तीन मजली. खाली मुलाचं टँकरचं ऑफिस. मामा थकलेत, पण मला पाहून टोपी शोधायला आत गेले. सूनबाईंनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. दोन दिवसांतला सुखाचा भाग एवढाच, म्हणून नोंदवून ठेवते.

"मामा, ती गोगलगाय आठवते? काल कोपरला दिवसभर शोधली. एक नाही मिळाली."

"खंच्या कोपरला?"

"कोपर हो. डोंबिवलीचं. तुमची बहीण राहते ते."

मामा चटणीचं बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "तिथं कनाला गेलाव? तिथं नय ती." मग त्यांनी डावा हात पुढे करून वाकवला आणि उजव्या हाताने कोपराच्या हाडावर टिचकी मारली. "कोपर ह्ये. आमची खारी गायमुखाच्या अलीकडं असा हात वाकवते. त्या वाकाला आमी कोपर बोलताव. मिठागराचा बांद व्हता तिथं."

खारी म्हणजे खाडी, ड चा र करतात इकडे. एवढं मला कळत होतं. पंधरा वर्षं त्यांच्यासोबत काम केलं, त्यांची भाषा मला येते असा माझा दिमाख होता. कोपर म्हणजे कोपर, दोन हात असलेल्या कुठल्याही माणसाला कळेल असा शब्द, आणि मी त्यातून रेल्वे स्टेशन काढलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा तर कळसाही दुसऱ्याने आणून काखेत दिला होता.

"चला," मी भाकरी अर्धी टाकून उठले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. म्हणजे त्या पाच नेहमीच्याच होत्या, पण मामांच्या बाटलीतली, जिचा शंख संग्रहालयात आहे ती, वेगळी होती. जागा चुकली होती, गोगलगाय नव्हे.

कोपराकडे जायचा रस्ता आता एका सोसायटीच्या गेटातून जातो. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "किसके यहाँ जाना है? फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नय, खारीवं जायाचंय," मामा म्हणाले.

"अंदर कोई खाडी नहीं है, बाबा."

शेवटी दुसऱ्या वॉचमनने ओळखलं, "अरे, टँकरवाले के पिताजी हैं, जाने दे." ज्या बांधावर मामांच्या बापजाद्यांचं आयुष्य गेलं तिथे ते मुलाच्या टँकरच्या ओळखीवर आत शिरले. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाच वाटलं, आणि माझ्या वाटण्याला किंमत किती हे पुढे येतंच आहे.

खाडी खरोखरच तिथे वळते. सुंदर वळते. वळणावर दगडांची भिंत रचून वर फरशी टाकलीय, बाकं आहेत, चालायला रबरी पट्टा आहे. भिंतीखाली तीन तिवरं उरलीत. मी दगडांवरून बसत बसत उतरले. मामा वरून हाताने दाखवत होते, इकडं बांद, इकडं पानी सोरायची उघारी, ह्या आंगाला कुजकी खोरं. दीड तास शोधलं. तिन्ही झाडांखाली पडलेलं पान न् पान उलटलं. सहा गोगलगायी. सहाही नेहमीच्या. भरती यायला लागली तेव्हा वर आले.

बाकावर बसून मी चिडून विचारलं, "मामा, एवढा बांध बुजवला, गावातलं कुणी काही बोललं नाही?"

"बोल्ले ना. ह्या भरावाची सुनावनी झाली व्हती. मी पन गेल्तो, तुमचा कागद घेऊन."

"कुठला कागद?"

"तुमी सही करून दिल्याला, गोगलगायचा. जपून ठेवला व्हता. सायबाला बोल्लो, आमच्या मॅडमनी इथं नवीन जात शोधलीय, पुस्तकात छापून आलंय, दुनियेत दुसरीकडं नय. त्यानं वाचला. सगला वाचला, खोटं नय बोलनार. मंग बोल्ला, मामा, यात कोपर लिवलंय, डोंबिवलीचं. तुमचा यात काय संबंद? मी बोल्लो, मीच आनली. तं बोल्ला, दाखवा तुमचं नाव कुठंय."

मामांचं नाव त्यात नव्हतं. संशोधनपत्रात एक ओळ असते, नमुने कुणी गोळा केले. तिथे मी माझं नाव घातलं होतं. आमचे विभागप्रमुख म्हणाले होते, शिपायाचं नाव घालून पेपरची शोभा कशाला घालवता. मी विरोध केला नाही. त्या वर्षी माझी बढती होती. शेवटी आभारात 'प्रयोगशाळा कर्मचारी' असे दोन शब्द टाकले आणि मोठेपणाने एक प्रत सही करून मामांना दिली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"मना वाटलं, मॅडमनी काय तरी कारनानं तसं लिवलं आसंल. तुमी शिकल्याली मानसं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. माजिवड्याला कल्याणची बस लवकर मिळाली, बसायला जागाही मिळाली. घरी नवऱ्याने विचारलं, काय मग, सापडली? मी सांगितलं, हो, माझी चूक सापडली, पत्त्यासकट. तो हसला नाही.

त्याच आठवड्यात बंगळुरूला सगळं खरं लिहून टाकलं. कोपर म्हणजे कुठलं कोपर, बाटली कुणाची, पातेलं कुणाचं. प्रजाती टिकली तर नाव कोपरेन्सिसच राहणार हेही त्यात आलं, कारण आमच्या शास्त्रात जागा चुकली तरी नाव बदलता येत नाही. तो मुलगा भला आहे. त्याने लिहिलं, जागेची दुरुस्ती छापतो, संकलक म्हणून बाळाराम यांचं नावही छापतो. पण फक्त शंखावरून ती वेगळी होती असं म्हणता येत नाही, आणि जागाच राहिलेली नाही. त्यामुळे नाव नेहमीच्या प्रजातीखालीच जाईल. माफ करा, मॅडम. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि एवढी माफीही मागितली नसती.

सहलीतून काय उरलं असं तुम्ही दरवेळी विचारता. गमबुटांत शिरलेला चिखल निघाला. कंबर अजून धरते. बाकी जे उरलंय ते मी कुणाला मिरवून दाखवणार नाही, वाटलं तर तुम्ही इथे वाचा. मी बरोबर विचारलं असतं, बरोबर लिहिलं असतं, तर सुनावणीत त्या कागदाने बांध वाचला असता का? बहुधा नसता. पण मामा त्या साहेबासमोर खोटे पडले नसते, एवढं नक्की.

काल मामांना फोन केला. त्यांचं नाव छापून येणार हे आधी सांगितलं, ते खूश झाले, सूनबाईंना हाक मारून त्यांनी सांगितलं. मग मी उरलेलं सांगितलं, की गोगलगायीचं नाव मात्र आता राहणार नाही. ती वेगळी नव्हती, नेहमीचीच होती, असं धरलं जाईल.

 मामांच्या मागे टँकरचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "मंग मी आनली, ती काय व्हती?"