डावीकडं बस

आमच्या हिंगणघाटात प्रवासाआधी सावलीची बाजू ठरवावी लागते. एसटीत पाय ठेवण्याआधी मी ऊन बघतो, गाडीचं तोंड बघतो आणि बायकोला हुकूम सोडतो. या विद्येत तालुक्यात माझ्या तोडीचा माणूस नाही, असं माझंच मत होतं.

बायकोला एकदा बर्फाचे डोंगर वरून बघायचे होते. दिल्लीहून श्रीनगरचं सकाळचं विमान ठरलं. "खिडकी कोणत्या बाजूची घ्याची, कोणाले विचारा तं," ती म्हणाली.

"मले शिकवून राह्यली का? सकाळी ऊन उजवीकडून येते. डावीकडं बस."

विमान वर गेलं आणि थोड्या वेळानं उजवीकडची माणसं खिडक्यांना चिकटली. तिकडं ऊन होतं आणि उन्हात चमकणारे सगळे डोंगर. आमच्याकडं नुसतं धुरकट मैदान, पण सावलीतलं.

"अहो, इमानात एसी असते न?" तिनं हळूच विचारलं.

पलीकडची एक बाई हसून म्हणाली, "आइए, इधर से देखिए." बायको उठली. मी पाय बाजूला घेतले नाहीत. "पट्टा बांधाले सांगतलं आहे," म्हणालो. कोणीही सांगितलं नव्हतं. ती पलीकडं गेली असती तर मी चुकलो हे साऱ्या विमानाला कळलं असतं, आणि त्या विमानात मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, "वरून डोंगर दिसले का वो?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "दिसले न. यायनं बरोबर बाजू घेतलती."