मठातल्या राहणाऱ्यांची यादी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. गाव शिंदखेड्याच्या बाजूचं. धुळ्याला शिकायला आलो तेव्हा गोसाव्यांच्या जुन्या मठात एक खोली मिळाली. मठ नावालाच उरला होता. पोथ्यांच्या खोलीत शिंपी बसायचा, धान्याच्या कोठीत सायकलवाला, आणि जिथे एके काळी भंडारा शिजायचा तिथे आम्ही तिघं विद्यार्थी स्टोव्हवर खिचडी लावायचो. गोसावी म्हणून एकच राहिले होते, म्हातारे बाबा.

चौकात दोन समाध्या होत्या. त्यातली एक बाबांच्या गुरूंची. तिच्या शेजारची चार हात मोकळी जमीन बाबा रोज स्वतः झाडायचे. तिथे कुणी सायकल टेकवली की म्हणायचे, "उचल. माझी जागा आहे ती." गोसाव्याला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. बाबांना गुरूंच्या शेजारी बसायचं होतं. दुसरं काही त्यांनी कुणाकडे मागितलं नाही.

पदवी मिळाली तेव्हा मी दारावर रंगाने नाव लिहिलं आणि पुढे बी. ए. बाबांनी वाचलं. "आता झाडू बीए मारणार, की अजून मीच?" तेव्हापासून मला हाक बीए अशीच.

कचेरीत नोकरी लागली तरी खोली सोडली नाही. मग शहर वाढलं, आणि विश्वस्तांनी ठरवलं की मठ पाडून दुकानांचे गाळे काढायचे. जे राहतात त्यांना नव्या इमारतीत जागा मिळणार होती. त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. "तू शिकलेला, अक्षरही चांगलं." मी फुललो.

"बाबा, पूर्ण नाव सांगा."

"मेलेल्याला नाव असतं का? माझं श्राद्ध मीच घातलंय, विशीत."

संन्यास घेताना माणूस स्वतःचे पिंड स्वतः पाडतो, हे मला माहीत होतं. "मग इथे काय लिहू?"

"कोणी राहत नाही, लिही." हसत होते.

बाबांच्या खोलीपुढे मी तसंच लिहिलं. राहणारे : कोणी नाही. त्यांच्या शब्दाचा मान राखला असं वाटलं. शिवाय रकाना कोरा ठेवणं मला जमत नसे.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा ही गोष्ट आबांना, माझ्या वडिलांना, कौतुकाने सांगितली. आबा अंगठा लावणारे. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "बाबा जित्ता शे ना रे?"

"शे."

"मंग? त्यानी सांगं आनि तू लिखी टाकं? इतला शिकना तू."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने धुळे गाठलं. यादीवर सह्या झाल्या होत्या. विश्वस्त शांतपणे म्हणाले, "आता मठात गोसावीच राहत नाही, तर नवी समाधी कुणाची? आहेत त्या दोन कोपऱ्यात हलवू. कागद तुझाच आहे ना?"

अक्षर माझंच होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते झाडत होते. "तू खोटं कुठे लिहिलंस?" एवढंच बोलले आणि ती चार हात जमीन पुरी झाडून काढली. महिन्याभरात पत्र्याची पेटी घेऊन ते शिरपूरकडे गेले, सायकलवाल्याच्या भावाच्या मळ्यात. मला गाळ्यांच्या मागची खोली मिळाली. बाबांच्या जागेवर आता मोटरपंपाचं दुकान आहे.

दोनेक वर्षांनी तो भाऊ कचेरीत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाबा गेले, भाऊ. पण आम्ही कशात कमी केलं नाही. नदीवर नेलं. बाभळीची वाळलेली लाकडं, वर तूप. बठ्ठं रीतीनं केलं."

गोसाव्याला बसवतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या विश्वासाने तो माझ्याकडे बघत होता. शिकलेल्या माणसाने बरं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

"चांगलं केलंत," मी म्हणालो, आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.