मामांनी छाटलेले टोमॅटो

माझे मामा बस आगारात एकतीस वर्षं वेळापत्रकाच्या टेबलावर बसले. एवढ्या काळात त्यांनी नवी फेरी एकही सुरू केली नाही, होत्या त्या मात्र नेमाने बंद केल्या. चालक-वाहक त्यांना पाठीमागे 'कात्रीसाहेब' म्हणायचे. हे कानावर आलं तेव्हा मामांची छाती वीतभर फुगली. हा माणूस निवृत्त होऊन घरी बसला आणि आठवड्याच्या आत त्याची नजर मामीच्या टोमॅटोंवर गेली.

मामीची बाग म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कुंपणापर्यंतचा चिंचोळा पट्टा. त्यात टोमॅटोची बारा झाडं. मामी त्यांना सकाळी पाणी घालायची, मातीला टेकणारी पानं खुडायची, काठीला जुन्या चादरीच्या पट्टीने सैलसं बांधायची. बस्स. दर हंगामात टोमॅटो इतके निघत की आमच्या घरीसुद्धा पिशवी भरून येई. मामांना नोकरीत असताना टोमॅटो ताटात उगवतात असंच वाटत असावं.

वाचनालयात कुणीतरी टोमॅटोच्या छाटणीवर तासभर बोललं. मामा पहिल्या रांगेत होते. देठ आणि पान यांच्या बेचक्यातून जे फुटवे येतात ते झाडाची ताकद खातात, ते काढावेत, एवढं त्यांनी ऐकलं. कुठल्या झाडाचे काढावेत हे पुढे सांगितलं गेलं, पण तोवर मामा लाल मुठीची कात्री आणायला निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडेच होते. मामा कमरेला कात्री लटकवून मागच्या दारात उभे राहिले आणि झाडांकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू ती कामावर उशिरा आलीत.

मामी पदर खोचून बाहेर आली. "अहो, ही झुडपी जात आहे. हिला फळं फुटव्यांवरच धरतात."

"तुला नुसती सवय आहे, शास्त्र मला माहिती आहे," मामा म्हणाले, आणि पहिला फुटवा फुलांसकट खाली पडला.

दुपारपर्यंत बाराही झाडं सोलून निघाली. वर मूठभर पानं आणि खाली नुसती काठी. एका झाडाच्या पानांवर काळे ठिपके होते. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी सुरुवातीलाच कुंपणावरून सुचवलं होतं की ते झाड शेवटी घ्या आणि कात्री स्पिरिटने पुसत जा. मामांनी उत्तर दिलं की हे इस्पितळ नाही. मग मुद्दाम आधी तेच झाड कापलं आणि त्याच कात्रीने पुढची सगळी.

पंधरा दिवसांत ठिपके सगळीकडे पसरले. जी थोडी फळं धरली होती ती पानांच्या आडोशाशिवाय उन्हात भाजून पांढरी पडली. मामांनी तोवर आगारातल्या जुन्या दोन सहकाऱ्यांना बोलावून बाग दाखवली होती आणि झाडं 'शिस्तीत आली आहेत' असं सांगितलं होतं. ते दोघे घाईघाईने चहा पिऊन गेले. हंगामभरात हाती लागले अकरा टोमॅटो, त्यातले खाण्याजोगे चार. मामांच्या मते दोष बियांचा होता. नंतर पाण्याचा. शेवटी मामीच्या हाताचा.

इथवर घरातलं घरात राहिलं असतं. पण नर्सबाई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेल्या आणि बागेला पाणी घालायचं मामीला सांगून गेल्या. मामीला ताप आला त्या दोन दिवसांत पाणी घालायला मामा गेले. पाणी राहिलं बाजूला. त्यांनी नर्सबाईंची भरात आलेली नऊ झाडं कापून ठेवली. उपकार केल्याच्या थाटात घरी येऊन मामीला ते सांगितलंही. मामी अंथरुणात उठून बसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडली.

नर्सबाई परत आल्या. आधी झाडांपाशी गेल्या. मग मामांच्या दारात आल्या आणि हात पुढे केला.

"भाऊ, कात्री द्या."

मामांनी दिली. आयुष्यात कुणाला काही न देणाऱ्या माणसाने ती इतक्या निमूटपणे दिली की मला पाहवेना. परत कधी मिळेल, एवढं त्यांनी विचारलं.

"माझी झाडं परत येतील तेव्हा," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या हंगामात मामीने आपल्या पट्ट्यात काही लावलं नाही. रोगट माती तशीच विश्रांतीला ठेवली आणि नर्सबाईंच्या बागेत दोघींनी मिळून वीस रोपं लावली. झाडं हवी तशी पसरली, टोमॅटोंच्या भाराने वाकली. मामा कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की दोघी मेहनती आहेत, मार्गदर्शन मात्र आपलं आहे.

तू त्यांना गप्प का करत नाहीस, असं मी मामीला विचारलं. ती पिकलेले टोमॅटो वेगळे करत होती. तिने मान वर केली नाही.

"सांगू दे की. तेवढा वेळ खुर्चीतून उठत तरी नाहीत."