सुंदराआत्याची राहिलेली लुंबिनी

उज्वलाताई चपलेतला खडा काढायला दगडावर टेकल्या, तरी राजेंद्र आपला बोलत बोलत पुढेच चालला होता. आंबेनळीच्या रस्त्याला त्याची रिक्षा लावून दोघं निघाले होते. सुंदराआत्याच्या वाडीपर्यंतची चढणीची पायवाट आता कुठे निम्मी झाली होती. वरून त्याचा आवाज येत होता, "सीमेवर उतरलं की चालतच पलीकडं जायचं. तिथं नेपाळची बस उभीच असते. कळलं ना, ताई?"

मग त्याने वळून पाहिलं.

"एवढा वेळ मी कुणाला सांगत होतो?"

"करवंदीच्या जाळीला," उज्वलाताई खालून म्हणाल्या. "तिला कळलं असेल."

राजेंद्र कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवर रिक्षा चालवतो. दासगावची म्हातारी माणसं लुंबिनीला म्हणून निघत आणि पनवेलहूनच गोंधळून माघारी येत. पुढे कुठली गाडी, कुठली बस, कुणाला ठाऊक नसे. त्यांना स्टेशनवरून घरी सोडणारा हाच. तोंडं पाडून बसलेली ती माणसं त्याला आरशात दिसायची. शेवटी त्याने स्वतःच गोरखपूरच्या बसवाल्याशी आणि सीमेपलीकडच्या नेपाळी बसवाल्याशी सूत जमवलं. आता त्याच्या रिक्षात पाय टाकला की लुंबिनीतच उतरायचं. रिक्षा, रेल्वे, दोन्हीकडच्या बस, सगळं एकाच पावतीवर.

पण गेल्या वर्षी त्याची सख्खी आत्याच लुंबिनी न पाहता परत आली. सीमेच्या कमानीपाशी सगळ्या जथ्यांची पांढरी लुगडी एकमेकांत मिसळली आणि सुंदराआत्या जाऊन बसली ती परत निघालेल्या नागपूरकरांच्या बसमध्ये. त्यांच्याबरोबर तिने त्रिसरण म्हटलं, त्यांनी दिलेलं खाल्लं आणि थेट कुशीनगरला उतरली. तेव्हापासून यंदाच्या यात्रेला कुणी नाव देईना. आत्या येत असेल तर आम्ही येतो, असं सगळ्यांचं म्हणणं. उज्वलाताई अंगणवाडी सांभाळतात, विहारात वंदना घेतात; त्यांचा शब्द आत्या मोडणार नाही, म्हणून राजेंद्रने त्यांना गळ घातली होती. त्याही मनात वंदना म्हणत चढत राहिल्या.

आत्या अंगणात नाचणी पाखडत होती.

"काय रे, परत हरवायला नेतोस?"

"आत्या, यंदा सगळ्यांना निळ्या टोप्या देतो. लांबून ओळखू येतील."

"टोपी तू घाल. मी आपली पांढऱ्या लुगड्यातच बरी." तिने सूप खाली ठेवलं. "नागपूरच्या बाया लय चांगल्या हो. पण भगवान बुद्धांचा जन्म बघायला निघाले नि महापरिनिर्वाण बघून आले. सगळं उलटंच झालं."

उज्वलाताईंना हसू आवरेना.

"हसू नको गो. तुला ह्यानं आज कुठं सोडलान?"

"खालच्या वळणावर."

"बघ," आत्या भाच्याला म्हणाली. "रेल्वे जोडलीस, बस जोडलीस, पण मान काय वळवली नायस. मागं कोण राहिलं हाय ते बघणारं माणूस आण, मग मी येते."

चहा घेऊन उतरताना मात्र राजेंद्र दर वळणाला थांबत होता. रिक्षापाशी आल्यावर त्याने उज्वलाताईंसाठी सीट पुसली आणि तसाच उभा राहिला.

"ताई, मला पुढं राहायलाच लागतं, बसवाले मलाच ओळखतात. यंदा तुम्ही सगळ्यांच्या शेवटी चालाल का, आत्याच्या मागं? तुम्ही बसमध्ये चढलात की मगच मी बस सोडायला सांगेन."