डाव्या टोकाची मुलगी

माझ्या मामाला सगळे सरकामामा म्हणत. "आत सरका, अजून आत. टोकाचे, तुम्हालाच सांगतोय!" हे त्याचं जन्मभराचं भाषण. त्यापलीकडे तो फारसं बोलायचा नाही. मामी होती तेव्हा म्हणायची, "लग्नात शेजारी उभी राहिले, तर नवरदेव मला म्हणाले, जरा सरक. तेव्हापासून सरकतेच आहे." ती बिचारी सरकत सरकत एक दिवस जगातूनच गेली आणि मामा दुकानाच्या माळ्यावर एकटा राहू लागला. पुढे मी नवऱ्याचं घर सोडून आले. मामानं एका शब्दानं काही विचारलं नाही. गल्ल्यामागची खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बस." मी बसले ती अजून बसलेच आहे.

दुकान ग्रूप फोटोचं. शाळांचे वर्ग, कचेऱ्या, कारखाने. दरवर्षी ठरलेली गिऱ्हाइकं. पुढे गल्ला, मागे पडद्याआड स्टुडिओ, आणि त्याच्यामागे पूर्वी न्हाणीघर होतं तिथे डार्करूम. मोबाईल यायच्या आधीचा काळ. फोटो म्हणजे फिल्म, आणि फिल्म म्हणजे वाया घालवायची नाही.

या धंद्यात मामाचं एकच दुखणं होतं, जागा. माणसं साठ आणि अंगण हातभर. मागे सरकावं तर भिंत. मी त्याला चिडवायची, "नाचता येईना अंगण वाकडं." तो म्हणायचा, "वाकडं नाही, आखूड आहे." म्हणून त्यानं एक जुनं रुंद भिंग मिळवलं. त्यातून जवळूनही सगळा घोळका मावायचा. धूळ बसू नये म्हणून भिंगावर धातूच्या कडीतली एक साधी काच फिरवून बसवतात, ती त्यानं इतकी घट्ट पिळली की अडकूनच बसली. पुढे तिच्यावर चरे पडले. निघेना, तेव्हा या शहाण्यानं आणखी चरे नकोत म्हणून तिच्याच डोक्यावर दुसरी पिवळी काच चढवली. झालं! दोन कड्यांची जाड किनार भिंगाच्या नजरेत यायची ती आलीच. फोटो काढावा तर चारी कोपऱ्यांत काळोख.

मी म्हटलं, "दुरुस्तीवाल्याकडे ने ना."

"तो पक्कड लावेल. कड्या निघतील आणि भिंगही निखळेल," मामा म्हणाला.

त्याऐवजी त्यानं माउंटच तसं कापायला लावलं. जाड पुठ्ठा, मधे अंड्याच्या आकाराची खिडकी. खिडकीत माणसं, पुठ्ठ्याआड काळे कोपरे. झाकली मूठ सव्वा लाखाची! लोकांना वाटलं ही फॅशन आहे. शाळांच्या बाई आवर्जून सांगायच्या, "आम्हाला तुमचं ते गोल माउंट हवं." पुठ्ठे मीच कापायचे, त्यामुळे त्याच्याआड काय आहे ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

कोपऱ्यात उभं कोण राहतं, हे कुठल्याही फोटोवाल्याला विचारा. मधल्या खुर्च्यांवर मालक, त्याच्या बाजूला मॅनेजर, पायाशी आवडते, आणि मागे बाकांवर उरलेले. टोकाला नवीन लागलेले, उशिरा आलेले नाहीतर लाजरेबुजरे. मामा "आत सरका" म्हणून घसा कोरडा करायचा तो त्यांच्यासाठीच. पण साठ माणसांत दोघं-तिघं सरकत नाहीत. त्यांची अर्धी तोंडं पुठ्ठ्याखाली जायची. तक्रार घेऊन कोणी आलं नाही, कारण जे टोकाला उभे राहतात ते तक्रार करणाऱ्यांतले नसतात.

एके दिवशी दुपारी शिलाई कारखान्याचा ग्रूप फोटो छातीशी धरून एक बाई दुकानात आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, दुकानात कोणी काढत नाही तरी.

"फोटोवाले भाऊ आहेत का? माझी धाकटी यात आहे म्हणतात, पण मला सापडेना."

धाकटी म्हणजे त्यांची मुलगी, त्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती. आठवडा होत आला होता, सुटी झाल्यावर ती घरी आलीच नव्हती. सरकारी दवाखान्यात त्या नावाची कोणी आली नव्हती. पोलिसांनी फोटो मागितला. घरी एकच फोटो, तोही रांगत असतानाचा. "मोठी झाल्यापासून तिनं फोटोच काढू दिला नाही. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, वार्षिक फोटोला मात्र होती. मागच्या बाकावर, डाव्या टोकाला."

डाव्या टोकाला पुठ्ठा होता. मामानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्यानं पुठ्ठा सोडवला.

खाली होती ती. खांद्यापासून वर, तीही अर्धी. नाकाच्या रेषेपर्यंत चेहरा दिसत होता, एक डोळा, एक गाल, हनुवटीवर तीळ. त्याच्यापुढे काळोख. जणू कोणी दाराच्या फटीतून बघतंय.

बाईंनी त्या अर्ध्या तोंडावर बोट ठेवलं. "हीच. हीच माझी. भाऊ, बाकीची काढून द्या ना. आत असेलच की ती."

मामा डार्करूममध्ये गेला. मीही मागोमाग गेले. त्यानं नेगेटिव्ह दिव्यावर धरलं. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नेगेटिव्हवर सगळं उलट असतं. फोटोतला काळोख तिथे स्वच्छ, पारदर्शक. तो कोपरा धुतलेल्या काचेसारखा होता. तिथे काही उमटलंच नव्हतं, तर उजळणार काय? तरी त्यानं कागदामागून कागद घातले. कमी उजेड दिला, हातानं सावली धरली, औषध कोमट केलं. काळ्याचा राखी झाला, चेहरा आला नाही.

"नाही म्हणून सांग त्यांना," मी म्हटलं.

"मी त्यांना काय सांगू? की तुमच्या पोरीचं तोंड माझ्या कडीनं खाल्लं?"

आयुष्यात पहिल्यांदा मामाला माझ्यावर ओरडताना ऐकलं.

मग त्याला ती युक्ती सुचली. दिसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याचा एक मोठा प्रिंट काढायचा. मग तेच नेगेटिव्ह पालथं घालून दुसरा काढायचा. एकाचा डावा अर्धा, दुसऱ्याचा उजवा, दोन्ही नाकाच्या रेषेवर कापून जोडायचे. कडेला असल्यामुळे भिंगानं चेहरा थोडा ताणला होता, तो कागद तिरका धरून त्यानं सरळ केला. सांध्यावर बारीक ब्रशनं रंग भरला, उलटून आलेला दुसरा तीळ खोडून टाकला, त्या जोडाचा पुन्हा फोटो काढला आणि त्याच्यावरही शेवटचा रंगाचा हात फिरवला. एवढं मन लावून काम करताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. बाई बाहेर बाकावर बसून होत्या. मी चहा दिला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी मामानं फोटो त्यांच्यापुढे धरला. आख्खी मुलगी. दोन टपोरे डोळे, किंचित हसू. खरं सांगते, सुरेख दिसत होती.

बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. पदरानं हात पुसून त्यांनी फोटो हातात घेतला.

"ताई, जुळतंय ना?" मामानं विचारलं. "काही वेगळं वाटत असेल तर सांगा. रंग ओला आहे तोवर बदलता येतं."

"नाही, भाऊ. हीच आहे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला वाटलं, बुडत्याला काडी सापडली म्हणून रडतायत.

फोटोचे कागद छापले. खाली मजकूर: उंच, सावळी, अंगात हिरवा ड्रेस, हनुवटीवर तीळ. पोलिसांनी ओळखीची खूण विचारली तेव्हा बाईंनी तिळाचीच सांगितली होती. मामानं दुकान बंद ठेवून खळीचं डबडं आणि कुंचा घेतला आणि स्टँड, बाजार, सरकारी दवाखान्याचं फाटक, जिथे भिंत मिळेल तिथे ते कागद स्वतः चिकटवले. कारखान्यातल्या दोघी-तिघी दुकानात चौकशीला आल्या. कागद बघून एक म्हणाली, "फोटोत छान आलीय." हे वाक्य मी गल्ल्यावर बसून हजारदा ऐकलंय. कोणाच्याही फोटोला लोक तेच म्हणतात. माझ्या मनात काही आलं नाही.

मग निरोप येऊ लागले. अमक्या गावी दिसली, तमक्या हॉटेलात भांडी घासतेय. बाई प्रत्येक ठिकाणी गेल्या, मामाही दोनदा बरोबर गेला. दर वेळी कोणीतरी दुसरीच टपोऱ्या डोळ्यांची मुलगी निघायची. परत आल्या की बाई दुकानात थोडा वेळ टेकायच्या, आणि मामा डार्करूममधून बाहेरच यायचा नाही.

शेवटी कारखान्यातलीच एक बाई आपल्या सासूला बघायला सरकारी दवाखान्यात गेली होती. बायकांच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवरून एक देह हलवत होते. तिनं ओळखलं आणि ती धावत दुकानातच आली, कारण कागदावर पत्ता आमचा होता.

बाईंना निरोप धाडला आणि त्या, मामा, मी असे तिघं गेलो. धाकटी पहाटे गेली होती. बेपत्ता झाली त्याच दिवशी, सुटी झाल्यावर रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं होतं. उचलून आणणाऱ्यांना नाव माहीत नव्हतं, पिशवी रस्त्यातच कुठेतरी गेली होती. इतके दिवस ती तिथेच होती, दुकानापासून दोन गल्ल्यांवर. वॉर्डाच्या दाराशी स्ट्रेचर थांबवून ठेवलं होतं, दवाखान्यातल्या माणसानं चादर बाजूला केली. हनुवटीला पट्टी, आणि दोन्ही डोळे मिटलेले.

वॉर्डातली आया हातातली बादली खाली ठेवून आमच्याकडे आली.

"तुम्हीच का हिचे? अहो, कुठे होतात? मधेमधे शुद्धीवर यायची, दाराकडे बघायची. बोलता यायचं नाही."

मामा कसाबसा म्हणाला, "फाटकावर फोटो लावला होता मी. तुमच्याच फाटकावर."

"तो? तो तर रोज बघायचे मी. वय जुळतंय, उंची जुळतेय, म्हणून मुद्दाम निरखून बघितला. पण त्या पोरीचे दोन्ही डोळे धड. हिच्या उजव्या डोळ्याची पापणी खाली आलेली, अर्धा डोळा झाकलेला. मला वाटलं, मार लागून झालं असेल. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, हे जन्माचं आहे. मग म्हटलं, ही ती नव्हे."

उजवा डोळा. काळोखातला. मला मामाचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईंचा आला. मी तिथेच, त्या पोरीच्या उशाशी, त्यांना विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "तुम्ही बोलला का नाहीत? रंग ओला आहे, सांगा म्हणाला होता ना मामा?"

बाई चादरीची कड सारखी करत होत्या.

"बघताक्षणीच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "आई आहे मी, कळणार नाही? पण इतकी छान दिसत होती हो. लहानपणापासून लोकांनी तिला काय काय म्हटलं. घरात आम्ही ठरवलंच होतं, त्या डोळ्याचा विषय काढायचा नाही. आणि पोलिसांसमोर, भिंतीभिंतीवर, सगळ्या जगाला सांगायचं, माझ्या पोरीचा डोळा असा आहे म्हणून? मला वाटलं, एकदा तरी लोकांनी तिला अशी बघावी. तीळ आहे, ड्रेस आहे, तेवढ्यावर सापडेल असं वाटलं मला."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

सगळं उरकल्यावर काही दिवसांनी त्या पुन्हा दुकानात आल्या. मामानं तोवर कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. शाळांचे निरोप येत होते, मी नाही म्हणून सांगत होते. बाईंनी पिशवीतून तो फोटो काढून गल्ल्यावर ठेवला.

"भाऊ, हा भिंतीवर लावला मी. पण बघवत नाही. ही माझी नाहीच. तिचा डोळा होता तसा करून द्या."

मामा उठला, ब्रश धुतला, रंग कालवला, चष्मा लावला. बाई शेजारी स्टुलावर बसल्या.

"पापणी किती खाली होती, ताई? बुबुळ दिसायचं?"

"दिसायचं... थोडं. अर्धं असेल."

"आणि कडेला? नाकाच्या बाजूला जास्त झुकलेली की कानाच्या?"

बाईंनी बोट फोटोवर नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. मग उठून स्टुडिओतल्या आरशासमोर गेल्या आणि स्वतःची पापणी बोटानं खाली ओढून बघू लागल्या. थोडी. अजून थोडी. सोडून पुन्हा. बराच वेळ त्यांचं ते चाललं होतं. मामा ब्रश धरून थांबला होता, रंग वाळत चालला होता.

"आठवत नाही हो," आरशातूनच त्या म्हणाल्या. "तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही कोणी त्या डोळ्याकडे कधी बघितलंच नाही."

त्यांनी पदर सारखा केला, दाराशी जाऊन चपला घातल्या.

"थांबा तुम्ही. मी त्या आयाबाईंना विचारून येते. त्यांनी बघितलाय."